वरच्या मजल्यावरचे अण्णा

अक्का, श्रीकांत, आपल्या कॉम्प्लेक्समधली सगळी मंडळी, आणि पीण्या इंडस्ट्रियल एरियातल्या कारखान्यांतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेल्या आमच्या गिऱ्हाईक मैत्रिणींनो,

बसा हो, बसा. खुर्च्या कमी पडल्यात ठाऊक आहे. हा व्हरांडा एवढ्या माणसांसाठी बांधलेलाच नाही. जिन्यात बसलात तरी चालेल, आज कोणी ‘वाट अडवू नका’ म्हणणार नाही.

मला बोलायचं नव्हतं. एरवी मी गप्प बसत नाही, हे इथं वेगळं सांगायला नको. पण नागोजीअण्णांना जाऊन दहा दिवस झाले आणि दहा दिवसांत माझ्या तोंडून धड वाक्य निघालेलं नाही. अक्का म्हणाल्या, तू बोल आणि मराठीत बोल. आपले वरच्या गाळ्यातले डॉक्टर आत्ता कन्नडमध्ये बोलले, फार छान बोलले. मी मराठीत बोलते, सांभाळून घ्या. मध्येच रडले तर थांबा थोडं, मी परत सुरू करीन.

आज तुम्ही सगळे पांढरे कपडे घालून आलात. अण्णा असते ना, तर त्यांनी इथूनच सांगितलं असतं की पहिल्या रांगेतले चार पांढरे एकमेकांशी जुळत नाहीत. आणि तो तिसरा धुवायला हवा. हसा हो. हसा. त्यांच्या सभेत हसलात म्हणून कोणी काही म्हणणार नाही.

नव्या लोकांसाठी सांगते. अण्णांचं मॅचिंग सेंटर. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, टू बाय टूचं कापड, जे काही साडीच्या सोबतीला लागतं ते सगळं. राजाजीनगरात आणि आजूबाजूला अशी दुकानं पुष्कळ होती. पण अण्णांसारखं बघणारं कोणी नव्हतं. साडी हातात घ्यायचे आणि आधी दुकानाच्या बाहेर यायचे. ट्यूबलाइटवर त्यांचा विश्वास नव्हता. ‘ट्यूबलाइट खोटं बोलते,’ म्हणायचे. उजेडात साडीचा पदर धरायचे, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, हा कोथिंबिरीच्या देठाचा हिरवा, पानाचा नाही. आत जायचे आणि दोनशे ताग्यांमधून नेमका तो देठाचा हिरवा काढून आणायचे. मी सात वर्षं समोर बसून बघितलं. मला अजून देठ आणि पान कळत नाही.

आता या कॉम्प्लेक्सचं सांगते, कारण अण्णांचं सांगायचं तर याचंच सांगावं लागतं. इथं पूर्वी लाकडाची वखार होती म्हणतात. ती गेली आणि हे उभं राहिलं. खाली सोळा गाळे, वर सोळा गाळे, मध्ये मोझॅकचा चौक आणि चौकात कारंजं. ते कारंजं उद्घाटनाच्या दिवशी चाललं, त्यानंतर कोणी त्यात पाणी बघितलेलं नाही. पण त्या वेळी लोक लांबून लांबून बघायला यायचे हो! सगळं एका छपराखाली, वर-खाली फिरायचं, पाऊस आला तरी भिजायचं नाही. आता शहरात मोठमोठी दुकानं व्हायला लागलीत, सरकते जिने येणार म्हणतात. येऊ देत. आमचा जिना सरकत नव्हता. तो मागच्या अंगाला होता, जनरेटरच्या खोलीला लागून, आणि आमचं सगळं दुखणं तिथंच होतं.

मी पुण्याहून नुकती आले होते. यांना इथल्या सरकारी कारखान्यात नोकरी लागली, मी माझं पिकोचं मशीन उचललं आणि आले. घरात बसणं माझ्याच्यानं होत नव्हतं. मालकांनी गाळा दाखवला, मी हो म्हटलं. पहिल्याच दिवशी रीळ घ्यायला खाली अण्णांकडे गेले. खालचा कोपऱ्यातला गाळा, दोन्ही रस्त्यांना तोंड, सगळ्यात उत्तम जागा. मी हिंदीत काहीतरी मागितलं आणि समोरून मराठीत उत्तर आलं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

मी विचारलं, तुम्ही बेंगळूरला कधी आलात?

म्हणाले, ‘आम्ही? आमच्या पणजोबांचे पणजोबा आलेले. तुम्ही?’

मी म्हटलं, मे महिन्यात.

‘सरी,’ म्हणाले, म्हणजे बरं. ‘मग स्वल्प वेळ आहे अजून तुम्हाला.’ आणि विचारलं, ‘गाळा कुठला?’ मी म्हटलं, वर. तर रीळ देता देता माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘मालकानं गाळा दाखवला तेव्हा जिना दाखवला होता का, पुणेक्का?’

पुणेक्का. पुण्याची अक्का. त्या दिवसापासून मला माझ्या नावानं इथं कोणी हाक मारलेली नाही. सुनंदा कुलकर्णी म्हणून पत्र आलं की पोस्टमन परत न्यायचा.

आणि जिन्याचं त्यांचं खरं निघालं. वर कोणी येईचना. बायका खाली ब्लाउजपीस घ्यायच्या आणि फॉल-पिकोला दुसरीकडे जायच्या, बावीस पायऱ्या चढायला नकोत म्हणून. सोळापैकी सहा गाळे उघडे. डॉक्टर पेशंटची वाट बघत बसायचे, मी साडीची वाट बघत बसायची, आणि दुपारी आम्ही एकमेकांना औषधं आणि लाडू देत बसायचो. अण्णा खालून गिऱ्हाइकांना सांगायचे, वर जा, पुण्याच्या बाई छान पिको करतात. बायका मान डोलवायच्या आणि रस्त्याला लागायच्या.

मग मालकांचा निरोप आला. गौरी-गणपतीपर्यंत वरचे गाळे भरले नाहीत, तर सगळा मजला एका औषध कंपनीच्या गोदामाला देणार. मी घरी कोणाला बोलले नाही. तुम्ही म्हणाल, एक आठ बाय दहाचा गाळा, त्याचं एवढं काय? तो माझा होता हो. लग्नानंतर सोळा वर्षांनी पहिल्यांदा एका दाराची किल्ली फक्त माझ्या पर्समध्ये होती. मला तो सोडायचा नव्हता.

आता जे सांगते ते इथल्या जुन्या लोकांनी शंभरदा ऐकलंय. तरी ऐका.

निरोप आला त्याच आठवड्यातली गोष्ट. मी सकाळी आले तर अण्णांचं शटर अर्धं खाली आणि बाहेर दोन बायका उभ्या. अण्णा कधी दुकान बंद ठेवायचे नाहीत. हनुमंतप्पा वॉचमन तिथं उभा होता. हा बघा, तिथं बसलाय, तोंड लपवतोय. मला तेव्हा कन्नड येत होतं साडेतीन शब्द. मी विचारलं, ‘अण्णा एल्ली?’ अण्णा कुठं?

याने बोट वर केलं. असं, आभाळाकडे. आणि म्हणाला, ‘अण्णा मेले.’

पुढे तो ‘इद्दारे’ म्हणाला होता. कन्नडमध्ये ‘मेले’ म्हणजे वर. अण्णा वर आहेत, एवढंच तो बिचारा सांगत होता. पण ‘इद्दारे’पर्यंत मी थांबतेय कशाला? मी ऐकलं ते मराठी. आणि खरं सांगते, रडू यायच्या आधी मला राग आला. मेले काय? गेले म्हणावं, वारले म्हणावं, एवढ्या मोठ्या माणसाला मेले म्हणतो मेला!

मी तशीच निघाले. वाटेत हार घेतला. अक्कांचं घर दोन गल्ल्या सोडून. अक्का दारात रांगोळी घालत होत्या. मी त्यांच्या गळ्यात पडले आणि हंबरडा फोडला. आणि अक्कांनीही फोडला! मला वाटलं, कळलंय यांना. त्यांना वाटलं, पुण्यात माझ्या सासूबाई गेल्या. त्या माझ्या सासूबाईंसाठी रडतायत, मी त्यांच्या नवऱ्यासाठी रडतेय, असं अर्धा तास चाललं. त्यांनी मला कॉफी करून पाजली. मी मनात म्हणतेय, काय धीराची बाई आहे ही, अशा वेळी कॉफी करते! शेवटी अक्का डोळे पुसत म्हणाल्या, ‘वय किती होतं गं?’ मी म्हटलं, ते तुम्हालाच ठाऊक. आणि तेवढ्यात अण्णा आले, नाश्त्याला.

हार अजून माझ्या हातात होता.

तुम्ही हसताय. अण्णा त्या दिवशी अंगणात खाली बसून हसले. अक्कांना आधी राग आला, मग त्याही हसल्या. मी मात्र मेल्याहून मेल्यासारखी झाले. अण्णा मला सांगायला लागले, ‘पुणेक्का, घाबरू नका. तुमच्या भाषेत मेले म्हणजे मेले. आमच्या कॉम्प्लेक्समधी बी मेले म्हणजे मेलेच की. वर गेला तो संपला.’ असं म्हणाले आणि एकदम हसायचे थांबले. माझ्या हातातल्या हाराकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘मी वर कशाला गेलतो, विचारलं नाही तुम्ही.’

वर ते जिन्याजवळचा रिकामा गाळा मोजायला गेले होते.

आठ दिवसांत अण्णा खालचा कोपरा सोडून वर आले. दोन्ही रस्त्यांना तोंड असलेला गाळा! लोकांनी वेड्यात काढलं. श्रीकांत, पोटचा मुलगा तू, तू तर महिनाभर त्यांच्याशी बोलत नव्हतास. हो ना? सगळ्यांना ते एकच सांगायचे, वर उजेड चांगला आहे, रंग नीट दिसतो. मी एकदा खोदून विचारलं तर मलाही तेच. ‘उजेड, पुणेक्का, उजेड.’ बरं बाबा, उजेड.

आणि मग श्रावणातला वरमहालक्ष्मीचा सण आला. ब्लाउजपीसची झुंबड. बायका खाली येऊन विचारायच्या, मॅचिंगवाले अण्णा कुठं? आणि खालचे सगळे, पेनवाला, भांडीवाला, हा हनुमंतप्पा, सगळे बोट वर करून म्हणायचे, ‘मेले! मेले!’ मी वर मशीनवर बसून ऐकायची आणि दर वेळेला मान वर करून अण्णा समोर आहेत ना, बघून घ्यायची. पण बायका जिना चढायच्या! कुरकुरत, गुडघे धरत, पण चढायच्या. अण्णांनी वळणावर दोन खुर्च्या आणि पाण्याचा माठ ठेवला. एका आजीबाईंना चढवेना, तर तीन साड्या घेऊन अण्णा खाली गेले, वर आले, परत खाली गेले. ब्लाउजपीस घेतला की समोर माझं पिको. पिकोला वेळ लागतो म्हणून बाई शेजारी बांगड्या बघायची. तिचा नवरा कंटाळून कॅसेटच्या दुकानात. मूल शिंकलं की डॉक्टर. गौरी-गणपतीला वर सोळा गाळे उघडे होते. गोदामाचं नाव परत कोणी काढलं नाही.

या कॉम्प्लेक्सचा इतिहास कोणी विचारला, तर तो एवढाच आहे. एक माणूस चांगली जागा सोडून बावीस पायऱ्या चढला, आणि त्याच्या मागून सगळं राजाजीनगर चढलं.

इथं मी थांबले असते. अक्कांना वाटलं असेल मी इथंच थांबेन. पण मला अजून एक सांगायचंय आणि ते सांगायला मी दहा दिवस घाबरतेय.

गेल्या वर्षी अण्णांच्या छातीत दुखलं. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, जिना कमी करा. अण्णांनी जेवायला घरी जाणं बंद केलं. डबा वर आणायला लागले, तेवढंच एक चढणं-उतरणं वाचलं. तरी सकाळी चढून आले की दहा मिनिटं बोलता यायचं नाही. खुर्चीत बसून हातानंच सांगायचे, थांबा, थांबा. आम्ही सगळे म्हणायचो, अण्णा, खाली जा आता. ते म्हणायचे, खाली गाळा कुठाय?

गाळा होता.

चार महिन्यांपूर्वी होता. अण्णांनी सोडलेल्या त्या खालच्या कोपऱ्यात बेकरी आली होती, ती गेली. मालकांचा मॅनेजर वर आला, त्या वेळी अण्णा तपासणीला दवाखान्यात गेले होते. तो मला म्हणाला, कोपरा रिकामा होतोय, पहिला हक्क अण्णांचा, आले की सांगा. मी ‘सरी’ म्हटलं. सात वर्षांत एवढं कन्नड मला छान यायला लागलं होतं.

मी सांगितलं नाही.

विसरले नाही हो. विसरले असते तर बरं झालं असतं. अण्णा दवाखान्यातून आले, समोर बसले, डबा उघडला, मला भाजी दिली. मी ती खाल्ली आणि काही बोलले नाही. माझ्या डोक्यात एकच. अण्णा खाली गेले की बायका खाली जातील. वर परत कोणी येणार नाही. माझं दुकान बंद पडेल. पंधरा दिवस मी असं केलं. रोज सकाळी ठरवायची आज सांगते, आणि रोज ते धापा टाकत वर यायचे आणि मी मशीन सुरू करायची. पंधरा दिवसांनी तिथं चपलांचं दुकान आलं. तेव्हा अण्णा एवढंच म्हणाले, ‘अरे, बेकरी गेली वाटतं.’

अण्णा गेले ते घरी, सकाळी, दाढी करताना. जिन्यावर नाही गेले. डॉक्टर म्हणतात, कुठंही झालं असतं. डॉक्टर चांगले आहेत. पण रोज दोनदा बावीस पायऱ्या, चार महिने, हा हिशोब मी रोज करते. ज्यानं माझ्यासाठी कोपरा सोडला, त्याला मी तो कोपरा परत मिळू दिला नाही. अक्का, हे मी तुम्हाला घरी येऊन सांगायला हवं होतं. तीनदा आले. तुम्ही कॉफी दिलीत आणि माझं तोंड उघडलं नाही. म्हणून आज सगळ्यांसमोर सांगते. मी हात जोडते. मला माफ करा असं म्हणायचंही धाडस होत नाही.

काय? थांबा जरा, अक्का काही म्हणतायत. माईक द्या त्यांना. नको? बरं. मीच येते जवळ.

…

मंडळी, अक्का म्हणतात, मोठ्यानं सांग सगळ्यांना. मला जमेल की नाही माहीत नाही.

अक्का म्हणतात, ‘ते ठाऊक होतं की गं त्यांना.’

अण्णा त्याच दिवशी घरी जाऊन म्हणाले होते, ‘पुणेक्का आज माझ्याकडे बघत नव्हती. आणि बेकरीवाला सामान बांधत होता. खालचा कोपरा रिकामा झालेला दिसतोय.’ अक्का म्हणाल्या, मग उद्याच जाऊन घ्या. मालकाला विचारा. तर म्हणाले, ‘नको. ती घाबरलीय. ती सांगेल तेव्हा जाऊ.’

ती सांगेल तेव्हा जाऊ.

पंधरा दिवस ते समोर बसून वाट बघत होते. आणि मी मशीन चालवत होते.

मला आता पुढचं बोलता येणार नाही. आपण दोन मिनिटं उभे राहू या. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसूनच हात जोडा, अण्णांना चालेल. तुम्ही तुमचं जे असेल ते मनात म्हणा. माझं मी मोठ्यानं म्हणते, मनात ठेवून एकदा झालंय.

अण्णा, खालचा कोपरा रिकामा झालाय. दोन्ही रस्त्यांना तोंड आहे. पहिला हक्क तुमचा आहे म्हणून सांगितलंय. आमची काळजी करू नका, आम्ही वर सांभाळू. तुम्ही जा.

उभे राहू या.